हरणाचा सीझन संपल्यावरचा हिवाळा: बदकांच्या पेट्यांच्या नोंदी

१ डिसेंबर २०२४

हरणाच्या शिकारीचा नऊ दिवसांचा बंदुकीचा सीझन आज संध्याकाळी संपला. विस्कॉन्सिनमधे तो थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि त्या नऊ दिवसांत इथं शाळा, गॅरेज, चर्च, किराणा दुकान, कुठंही जा, एकच विषय. उद्यापासून मझललोडरवाल्यांचे (नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायच्या जुन्या पद्धतीच्या बंदुका) दहा दिवस, मग चार दिवस फक्त बिनशिंगी हरणांचे, आणि धनुष्यबाणवाले तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत झाडावर बसणार, पण बहुतेकांच्या डोक्यात सीझन म्हणजे हे नऊ दिवसच. ते संपल्यावर मार्चपर्यंत करायचं काय असं मला भारतातले मित्र विचारतात. आमच्या गावात हा प्रश्न कोणाला पडलेला मी अजून बघितला नाही.

आम्हाला एक मादी मिळाली. मुंडकं तपासणीसाठी कियॉस्कवर ठेवून आलो, रिपोर्ट येईपर्यंत मांस फ्रीजरमधे वेगळं.

या वर्षीच्या हिवाळ्याचं काम ठरलंय. शेजारच्या आजोबांच्या शेतामागं पाणथळ आहे, होरिकॉन मार्श या मोठ्या दलदलीच्या बाजूलाच, तिथं वूड डक या ढोलीत घरटं करणाऱ्या बदकासाठी लाकडी पेट्या लावलेल्या आहेत, काही त्यांनी स्वतः तरुणपणी ठोकलेल्या. जुन्या साफ करून दुरुस्त करायच्या, नवीन सहा बनवायच्या आणि पाणी गोठलं की बर्फावरून चालत जाऊन रोवायच्या. काय कधी केलं ते इथं लिहून ठेवतो, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल, दुसऱ्या कोणाला करायचं असेल तर त्यालाही.

७ डिसेंबर

रिपोर्ट आला, सीडब्ल्यूडी आढळला नाही. हा हरणांच्या मेंदूचा रोग, प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, औषध नाही, लस नाही. विस्कॉन्सिनमधे तो पहिल्यांदा २००२ मधे माउंट होरेबच्या आसपास सापडला आणि त्यानंतर इथली शिकार बदलूनच गेली. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाहीये पण बाधित हरणाचं मांस खाऊ नका असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. तपासणी फुकट होते तरी बरेच लोक करत नाहीत, मला ते अजिबात पटत नाही. दोन आठवडे थांबलं तर काय बिघडतं?

दुपारी झाडांवरचे स्टँड, म्हणजे शिकारीला बसायची मचाणं, काढले. हे काम आत्ताच करावं, झाड जाड होत जातं तसे पट्टे आवळतात, उन्हापावसानं झिजतात आणि पुढच्या वर्षी त्याच पट्ट्याच्या भरवशावर माणूस पंधरा फुटांवर चढतो. उतरताना रान वाचता येतं हा वेगळाच फायदा. पानं झडलेली, थोडासा स्नो, सगळ्या वाटा उघड्या पडलेल्या. नरांनी शिंगं घासून साल सोललेली झाडं एका ओळीत दिसतात, ती ओळ म्हणजे त्यांचा जायचा-यायचा रस्ता. नोव्हेंबरमधे मी तिथून शंभर यार्डांवर बसलो होतो आणि मला तो कळला नव्हता कारण झुडपं दाट होती. नकाशावर खूण करून ठेवली.

१४ डिसेंबर

सॉसेजचा दिवस. आजोबांच्या गॅरेजमधे पाच-सहा घरं जमतात, प्रत्येकजण आपापलं मांस आणतो, खिमा एकत्र एका मोठ्या मशीनवर. हरणाच्या मांसाला चरबी जवळजवळ नसते म्हणून डुकराची चरबी मिसळावी लागते, मग क्युरिंगचं मीठ, मिरी, मोहरी, लसूण, रात्रभर थंडीत ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी हिकरीच्या लाकडाच्या धुरावर. आच हळूहळू वाढवायची, घाई केली की चरबी वितळून बाहेर येते आणि सॉसेज कोरडं ठाक होतं.

मागच्या मांडीच्या मांसाचा तुकडा बाजूला काढून ठेवला होता, त्याचं बायकोनं सावजी केलं. नागपूरहून आणलेला मसाला, जवस आणि खसखस भाजून वाटलेली, वर तर्री. आजोबांना डबा दिला. त्यांच्या नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, पण डबा धुऊन परत आला आणि सोबत निरोप की पुढच्या वेळी भातासोबत थोडं जास्त द्या.

२८ डिसेंबर

लाकूड आणलं. सीडरच्या खरबरीत फळ्या, एक इंच जाड, बारा इंच रुंद. बारा फुटी एका फळीत एक पेटी निघते, मापं नीट आखली तर कचरा फार होत नाही. सीडरच का, तर रंग-पॉलिश काही न लावता ते वर्षानुवर्षं पाण्यावर टिकतं. आतून रंग किंवा केमिकल लावायचंच नाही.

पेटी साधीच असते पण तिच्यात प्रत्येक गोष्टीला कारण आहे आणि म्हणूनच मला हे काम आवडतं. भोक गोल नसतं, आडवं लंबगोल असतं, चार इंच रुंद आणि तीन इंच उंच, मादी आत जाते पण मोठा रॅकून सहजासहजी जात नाही. तळाला पाणी निघायला छोटी छिद्रं. एका बाजूची फळी बिजागरीवर उघडणारी, दर हिवाळ्यात साफ करता यावी म्हणून. छप्पर पुढं थोडं जास्त, पावसाचा सपका आत जाऊ नये म्हणून. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भोकाच्या खाली आतल्या बाजूनं करवतीनं आडव्या खाचा पाडायच्या किंवा बारीक जाळी ठोकायची. पिल्लं अंड्यातून बाहेर आली की दुसऱ्याच दिवशी सकाळी आई बाहेरून हाक मारते आणि ती एक दिवसाची पिल्लं नखांनी त्या खाचा धरून दीड फूट वर चढतात आणि भोकातून खाली उडी मारतात, पाणी असो नाहीतर जमीन. गुळगुळीत फळी असेल तर आतच अडकून मरतात. खाचा पाडायचं काम लेकीकडं दिलं, तिनं प्रत्येक खाचेत बोट फिरवून बघितलं आणि जिथं उथळ वाटली तिथं परत करवत चालवली.

रात्री बाबांचा गोंदियाहून फोन. "काय करून राह्यला तू थंडीत?" सांगितलं तर म्हणाले, अरे आपल्याकडं अडई नाही का झाडाच्या ढोलीत अंडी घालत, लहानपणी तलावाकाठच्या जुन्या झाडातून पिल्लं टपाटप पडताना त्यांनी स्वतः बघितलीत. खरंच की. आपल्या भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवरची अडई, काणूक, नकटा ही बदकं ढोलीत घरटं करणारीच, मोठी जुनी झाडं गेली की त्यांचं घर जातं. इथंही तेच झालं होतं. जंगलं तोडली, दलदली बुजवल्या, वर बेसुमार शिकार, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वूड डक संपतंय असंच सगळ्यांना वाटत होतं. १९१८ च्या स्थलांतरी पक्ष्यांच्या कायद्यानं त्याची शिकार पूर्ण बंद झाली आणि ती १९४१ पर्यंत बंदच राहिली. मधल्या काळात लोकांनी पेट्या लावायला सुरुवात केली. आज ते उत्तर अमेरिकेत भरपूर दिसणारं बदक आहे.

११ जानेवारी २०२५

बर्फ बघायला गेलो, काम करायला नाही. पायी चालायला किमान चार इंच पारदर्शक घट्ट बर्फ पाहिजे. पांढरा, बुडबुडे असलेला असेल तर त्याची ताकद निम्मीच धरायची. या वर्षी स्नो कमी पडलाय हे आमच्या कामाला चांगलंच, कारण स्नो गोधडीसारखा वर बसला की खालचं पाणी उशिरा गोठतं.

दलदलीचा बर्फ तळ्यापेक्षा फसवा. पाणकणसाच्या दांड्यांभोवती ऊन शोषलं जाऊन बर्फ पातळ राहतो, मस्करॅटच्या (पाण्यात राहणारा मोठ्या उंदरासारखा प्राणी) घरांजवळ ते खालून सतत पोहत असतात म्हणून पातळ, आणि जिथं झरा आहे तिथं तर भरवसाच नाही. आजोबा पुढं लोखंडी पहार आपटत आपटत चालतात, पहारेचा आवाज बदलला की थांबतात. गळ्यात बर्फात रोवायचे दोन टोचे, पाण्यात पडलोच तर वर ओढून घ्यायला. लेकीला अजून नेलं नाही.

मोकळ्या पाण्याजवळ तीन इंच, मधे साडेपाच. आठवडाभर थांबायचं ठरलं. मग उरलेला दिवस फॉक्स लेकवर, तिथं बर्फ जाड होता. ऑगरनं भोकं पाडली. विस्कॉन्सिनमधे माणशी तीन गळ चालतात, दोन टिप-अप (मासा लागला की झेंडा वर करणारे गळ) लावून ठेवले आणि तिसऱ्या छोट्या रॉडवर मेणअळी लावून ब्लूगिलच्या मागं लागलो. टिप-अपचा झेंडा वर उडाला की सगळे आपापलं सोडून पळतात, पासष्टीचे लोकही पळतात. ब्लूगिल हाताच्या पंज्याएवढे, हळद-तिखट-मीठ लावून तांदळाच्या पिठात घोळवून तळले. थंड पाण्यातल्या माशाची चव उन्हाळ्यातल्यापेक्षा खूपच चांगली, घट्ट आणि गोड.

१८ जानेवारी

जुन्या पेट्या उघडल्या. हिवाळ्यातलं माझं सगळ्यात आवडतं काम.

प्रत्येक पेटी म्हणजे मागच्या वर्षीचा हिशेब. वूड डकची मादी घरट्यासाठी बाहेरून काडी-गवत काही आणत नाही, आत असेल त्या भुशात खड्डा करते आणि स्वतःच्या छातीची पिसं उपटून अंथरते. त्यामुळं आपण भुसा घातलाच नाही तर तिच्यासाठी पेटी बेकार. पहिल्या पेटीत करडी मऊ पिसं आणि त्यात चामड्यासारखे चिवट पापुद्रे, बोटात धरले तर ओल्या फुग्याच्या रबरासारखे ताणले जात होते. अंड्याच्या आतला पापुद्रा कवचापासून असा सुटून वाळलेला मिळाला तर समजायचं की पिल्लू नीट बाहेर आलं, एखाद्या प्राण्यानं अंडं फोडलं असेल तर पापुद्रा कवचाला चिकटलेला राहतो. आजोबांनी ते एक-एक सुटे करून हातमोज्यावर मांडले आणि मोजले. नऊ. आणि एक न फुटलेलं अंडं, दुधी पांढरं.

दुसऱ्यात खारीनं पानं ठासून भरलेली. तिसऱ्यात तीसच्या वर अंडी, सगळी थंड, एकही उबवलेलं नाही. याला इथं डंपिंग म्हणतात. पेट्या एकमेकींच्या नजरेच्या टप्प्यात मोकळ्यावर लावल्या की एक मादी आत जाताना दुसरीला दिसते, तीही येऊन त्यातच अंडी घालते, मग तिसरी, शेवटी एवढी अंडी होतात की कोणी बसतच नाही. पूर्वी लोक एकाच खांबावर दोन-दोन पेट्या लावायचे, आता अभ्यासकच सांगतात की लांब लांब लावा आणि झाडीच्या आडोशाला लावा. ही पेटी हलवायची.

चौथीत हूडेड मर्गान्सरची अंडी, जास्त गोल आणि कवच जाड. तेही ढोलीतलंच बदक, राहू दे, त्यालाही घर पाहिजे.

सगळ्या रिकाम्या करून चार इंच रंध्याचा भुसा घातला. अगदी बारीक करवतीचा भुसा घालायचा नाही, तो ओल धरून दगड होतो.

२५ जानेवारी

मधे कडाक्याची थंडी येऊन गेली आणि बर्फ एकदम मस्त झाला. नवीन पेट्या रोवल्या. ऑगरनं भोक, त्यातून लोखंडी पाइप खालच्या चिखलात घणानं ठोकायचा, तो डुगडुगायचा थांबेपर्यंत. वर पेटी, तोंड मोकळ्या पाण्याकडं. पेटीच्या खाली पत्र्याचा शंकू, रुंद तोंड खाली, तीन फूट व्यासाचा, रॅकून पाइपवरून चढला तरी शंकूच्या पुढं जाऊ शकत नाही. हा शंकू नसेल तर पेटी लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण रॅकूनला एकदा कळलं की पेटीत अंडी असतात की तो प्रत्येक पेटी शोधत फिरतो, म्हणजे आपण मदत करायला गेलो आणि सापळा लावून आलो.

उन्हाळ्यात हेच काम होडीतून करायचं म्हणजे दोघांनी होडी धरायची, एकानं घण मारायचा, पाइप वाकडा, डास वेगळे. बर्फावर पाय रोवून उभं राहता येतं. म्हणून हे हिवाळ्याचंच काम.

लेक आज आली होती. स्लेजवर पेट्या ओढत न्यायचं काम तिचं.

९ फेब्रुवारी

लेक विनेबेगोवर गेलो, स्टर्जन या माशाच्या भाल्यानं करायच्या शिकारीचा सीझन काल उघडला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी सुरू होतो, जास्तीत जास्त सोळा दिवस, ठरलेला कोटा भरला तर आधीच बंद, आणि रोज सकाळी सात ते दुपारी एक एवढाच वेळ. बर्फावर टपऱ्या, आत पूर्ण अंधार आणि खालच्या बर्फात करवतीनं कापलेलं टेबलाएवढं चौकोनी भोक. अंधारामुळं खालचं पाणी उजळ हिरवं दिसतं. त्यात लाकडी डेकॉय (माशाला भुलवायला खोटा मासा) सोडायचं आणि भाला तयार ठेवून खाली बघत बसायचं. तासन्‌तास. काही लोक वर्षानुवर्षं बसतात आणि एकही मासा बघत नाहीत तरी पुढच्या वर्षी परत येतात. परवाना ऑक्टोबर अखेरपर्यंतच मिळतो, माझ्याकडं नव्हता, मी ओळखीच्याच्या टपरीत बघ्या म्हणून.

आम्हाला काही दिसलं नाही. पण नोंदणी केंद्रावर गेलो तर तिथं गर्दी, प्रत्येक मासा वजन-माप करून नोंदवावाच लागतो आणि गावातली पोरंसोरं बघायला येतात. माणसाच्या उंचीचा मासा, पाठीवर हाडांच्या ढाली, खाली लोंबणाऱ्या मिशा. २०१० मधला विक्रमी मासा २१२ पौंडांचा होता. हा मासा शंभर वर्षं जगू शकतो आणि मादीला पहिल्यांदा अंडी घालायला वीसेक वर्षं लागतात, म्हणून एवढे कडक नियम. आणि हेच भालेवाले एप्रिलमधे वुल्फ नदीच्या काठावर रात्रपाळीनं पहारा देतात, मासे अंडी घालायला उथळ पाण्यात येतात तेव्हा चोरून कोणी मारू नये म्हणून. माझ्या बाहेरच्या मित्रांना शिकारीचा फक्त ट्रिगर दिसतो. मला इथं राहून दिसलंय ते हे, की ज्याला नोव्हेंबरमधे काहीतरी हवंय तो बाकीचं वर्ष त्या जागेचा झालेला असतो, आणि जो होत नाही त्याला इथले म्हातारे फार किंमतही देत नाहीत.

होरिकॉनचंही तसंच. बदकांच्या शिकाऱ्यांना दरवर्षी २५ डॉलरचा डक स्टँप नावाचं सरकारी तिकीट घ्यावं लागतं, ही पद्धत १९३४ पासून चालू आहे, आणि त्यातला जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जागा विकत घेऊन राखण्यात जातो.

१६ फेब्रुवारी

ससे. कॉटनटेलचा सीझन फेब्रुवारी अखेरपर्यंत असतो, रोजची मर्यादा तीन. एकाकडं दोन बीगल आहेत. ससा उठला की कुत्र्यांच्या पुढं मोठा गोल घेऊन पुन्हा उठला त्याच जागेजवळ येतो, म्हणून माणसानं पळायचं नाही, जिथं उठला तिथंच गप उभं राहायचं आणि कुत्र्यांच्या भुंकण्यावरून ससा कुठं आहे ते कानानं ओळखायचं. दोन मिळाले. येताना तोडलेल्या फांद्यांचे मोठे ढीग रचून आलो, सशांना पुढच्या हिवाळ्यात लपायला.

९ मार्च

गळालेली शिंगं शोधायला गेलो. नर हरणांची शिंगं डिसेंबर ते मार्च या काळात गळतात, माजाचा काळ संपला की शरीरातलं टेस्टोस्टेरॉन उतरतं आणि शिंगाच्या मुळाशी हाड विरघळून शिंग आपोआप सुटतं, मग वसंतात परत नवीन. काही लोक जानेवारीपासूनच रानात फिरतात, ते मला आवडत नाही. हिवाळ्याच्या शेवटी हरणं अंगातल्या चरबीवर जगत असतात, प्रत्येक वेळी उठवून पळवलं की ती चरबी जळते. मार्चपर्यंत थांबावं.

कुठं शोधायचं तर दक्षिणेकडं तोंड असलेल्या उतारावर, जिथं ऊन खात ती बसतात, मक्याच्या कापलेल्या शेताच्या कडेला, आणि कुंपणावरून उडी मारतात तिथं, कारण धक्क्यानं सैल झालेलं शिंग पडतं. सबंध शिंग शोधायचं नाही, एक टोक किंवा एक वळण शोधायचं. लेकीला कुंपणाजवळ मिळालं, चार टोकांचं डावं शिंग, एका टोकाला उंदरांनी कॅल्शियमसाठी कुरतडलेलं, दातांच्या समांतर रेषा स्पष्ट. जोडीचं उजवं पुष्कळ शोधलं, नाही मिळालं.

इथं गळालेलं शिंग उचलायला परवाना लागत नाही, कवटीला जोडलेलं असेल तर मात्र विचारावं लागतं. बाबांना फोटो पाठवला तर त्यांचा पहिला प्रश्न, उचलायला चालते का तिथं? नागझिऱ्यात चितळाचं शिंग समोर पडलेलं असलं तरी हात लावायचा नाही हे त्यांनीच मला लहानपणी शिकवलेलं.

२३ मार्च

पाणी मोकळं झालं. वूड डक आले, दोन जोड्या, नराच्या डोक्यावरचा हिरवा-जांभळा तुरा दुर्बिणीतून चमकत होता. मादी पाइपाच्या आजूबाजूनं पोहत मान वर करून पेटीकडं बघत होती.

सगळे पाइप सरळ आहेत. बर्फ सुटताना मोठे तुकडे वाऱ्यानं ढकलले जातात आणि खांब वाकवतात, या वेळी तसं झालं नाही. पश्चिमेकडच्या पेटीचा शंकू एका बाजूला झुकलाय, वेडर (पाण्यात उतरायचा रबरी पोशाख) घालून जाऊन स्क्रू आवळला.

५ एप्रिल

हलवलेल्या पेटीत मादी जाताना लेकीनं बघितली, सकाळी सातच्या सुमाराला, नर बाहेर पाण्यावर थांबलेला. अंडी रोज एक घालते, दहा-बारा झाली की बसते आणि मग साधारण महिनाभर. सुरुवातीच्या दिवसांत पेटी उघडली तर ती सोडून जाऊ शकते म्हणून आता कोणी तिकडं जायचं नाही, आजोबांनी नातवंडांनाही बजावलंय.

१६ तारखेला टर्कीच्या शिकारीचा सीझन सुरू होतोय, त्याची तयारी करायचीय. लेकीला हंटर सेफ्टीच्या कोर्सला बसायचंय, तिचं नाव घातलं. उरलेल्या सीडरच्या दोन फळ्या गॅरेजच्या माळ्यावर आहेत, पुढच्या डिसेंबरसाठी. जुलैमधे पिल्लं गेल्यावर होडीतून फक्त शंकू आणि बिजागऱ्या तपासायच्या, पापुद्रे जानेवारीत मोजू.